न लागलेली क्लिप

इंजिनाला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडायला ताईला चार दिवस लागले. गंजाने ती खालच्या भांड्याला अशी घट्ट धरून बसली होती की जोर लावला असता तर काळे तुकडेच हातात आले असते. म्हणून रोज सकाळी आपलं दुकान उघडायच्या आधी ती घरामागच्या शेडमध्ये यायची, टोपीच्या कडेने गंज सोडवणारं तेल सोडायची, लाकडी मुठीने दोन-चार हलके टोले द्यायची आणि निघून जायची. एवढ्या वर्षांत तिने शेकडो गाड्यांचे डायनमो, सेल्फ, कॉइल उघडून बसवले होते, पण इतका धीर कधी धरला नव्हता. आणि नेमकी या वेळी घाई होती. वडिलांच्या, आप्पांच्या, छातीच्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात तिच्या धाकट्या भावाला, बाळला, बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं. बाळने ते घरी येऊन कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यांना कळलं होतं.

त्याच आठवड्यात आप्पांनी ताईला खाटेजवळ बोलावलं होतं. उशीला टेकून, दोन वाक्यांमध्ये श्वास घेत घेत ते म्हणाले होते, "गाडी चालू करून दे. आणि चालू होईल त्या दिवशी दादाला बोलाव."

दादा म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ, या मुलांचे मोठे काका. सव्वीस वर्षांत त्यांचं नाव या घरात आप्पांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. आणि ती गोल पाठीची करडी गाडीही तेवढीच वर्षं शेडमध्ये उभी होती. टायर जमिनीवर बसले होते, काचांवर धुळीचा थर होता, पण ती विकायचं आप्पांनी कोणाला बोलू दिलं नव्हतं आणि दुरुस्त करायचंही.

चौथ्या दिवशी, बुधवारी, टोपी सुटली. बल्ब जवळ ओढून ताईने आत पाहिलं आणि हातातलं फडकं हातातच राहिलं.

पॉइंट नवे होते.

नवे म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वी नवे. वरून हिरवट गंज चढला होता, स्प्रिंग तपकिरी पडली होती. वीज जोडत-तोडत ठिणगी पाडणाऱ्या त्या दोन तोंडांचा संच तिने सोडवून भिंगाखाली धरला. वापरलेल्या पॉइंटच्या एका तोंडावर बारीक खड्डा पडतो आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा येतो. गाडी दोन-चार हजार किलोमीटर चालली तरी ही खूण दिसते, ती लपवता येत नाही. इथे दोन्ही तोंडं सपाट होती. शाफ्टवर घासणाऱ्या फायबरच्या तुकड्याचे कोपरे अजून धारदार होते. हे पॉइंट जेमतेम चार दिवस चालले असतील.

ताई स्टुलावर बसली.

ही गोष्ट ती नऊ वर्षांची असल्यापासून ऐकत आली होती. आईचे दिवस भरायला पंधरवडा असताना एका दुपारी कळा सुरू झाल्या. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. आप्पांनी आईला मागच्या सीटवर झोपवलं, ताईला आत्याच्या हवाली केलं आणि इस्पितळाकडे निघाले. रेल्वेच्या पुलाखाली पाणी साचलं होतं, तिथे गाडी बंद पडली ती पडलीच. सव्वा तासाने दुधाचा ट्रक आला. बाळ वाचला, आई वाचली नाही. चारच दिवस आधी मोठ्या काकांनी, गावात गाड्यांच्या विजेचं काम करणारे म्हणून ज्यांचं नाव होतं त्यांनी, त्या गाडीला नवे पॉइंट घातले होते. तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना आप्पांनी त्यांना दारातच अडवलं. "नवे म्हणून जुनेच घातलेस," ते म्हणाले. "तुझ्या जुन्या पॉइंटांनी मारलं तिला." काका म्हणाले, "नवे घातले होते रे." आणि आल्या पावली परत गेले.

ताईने मग अख्खा डिस्ट्रिब्युटर इंजिनमधून उपसून टेबलावर घेतला. टोपीला दोन बाजूंनी दाबून धरणाऱ्या दोन क्लिपा असतात. काकांची एक सवय होती. काम संपलं की ते दोन्ही क्लिपांवरून खाली भांड्यापर्यंत लाल रंगाची एक बारीक रेघ ओढायचे. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, आपल्यामागून कोणीतरी हात घातला. ताई ज्या उस्तादांकडे काम शिकली ते काकांच्याच हाताखाली तयार झाले होते, तेही अशीच रेघ ओढायचे.

दोन्ही रेघा तुटल्या होत्या. बाहेरच्या बाजूची क्लिप नीट लागली होती. इंजिनच्या बाजूची, जिथे हात धड पोचत नाही आणि नजर तर नाहीच नाही, ती लागलेलीच नव्हती. खाचेच्या बाहेर, टोपीच्या काठाला नुसती टेकून गंजली होती. त्या बाजूने आत पाणी उतरल्याचा डाग होता आणि गंजही त्याच बाजूला चढला होता. दुसरी बाजू जवळजवळ स्वच्छ.

काकांनी नवे पॉइंट घालून टोपी बंद केली होती. त्यानंतर कोणीतरी ती उघडली होती आणि घाईघाईने बसवली होती. त्या चार दिवसांत गाडीला हात लावणारा माणूस एकच होता. आणि टोपी उघडली म्हणजे त्याने पॉइंट पाहिले होते. समोर चकचकत असणार ते.

मग तिसऱ्या दिवशी दारात ते तसं का म्हणाले?

*

गुरुवार, शुक्रवार ती दुकानात गेली नाही. दाराला पाटी लावली आणि शेडमध्ये बसली. डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी असलेली, ठिणगीची वेळ साधणारी छोटी वजनं गंजून जाम झाली होती, ती डिझेलमध्ये बुडवून ठेवली. टोपीच्या आतली पितळी टोकं एकेक करून मऊ ब्रशने घासली, व्हिनेगरने पुसली, पुन्हा कोरडी केली. मधली कोळशाची कांडी आत रुतून बसली होती, ती सुईने कोरून मोकळी केली. कंडेन्सर मेला होता, तो नवा घातला. वायरींचं आवरण हात लावताच चुरा होऊन पडत होतं, सगळ्या बदलल्या. टाकी आणि कार्ब्युरेटर धुऊन ताजं पेट्रोल भरलं, नवी बॅटरी जोडली.

पॉइंट मात्र तिने बदलले नाहीत. तेलाचा थेंब टाकलेल्या बारीक दगडावर ती त्यांची तोंडं घासत बसली. तीन-चार वेळा पुढे-मागे, पुसायचं, भिंगातून बघायचं, पुन्हा.

शनिवारी दुपारी बाळ कारखान्याच्या वजनकाट्यावरची पाळी संपवून आला. तो जन्मला तेव्हा त्याचं नाव ठेवायला कोणाला सुचलं नव्हतं. शाळेत घालताना एक ठेवलं, पण घरात तो बाळच राहिला. सहा फूट उंच, दाढी वाढवलेला बाळ.

"हे काय, जुनेच घासतेयस?" तो दारातून म्हणाला. "नवे मिळत नाहीत?"

"मिळतात."

"मग?"

ताईने दगड बाजूला ठेवला. त्याला जवळ बोलावून भिंग हातात दिलं आणि काय दिसतं ते सांगितलं. पॉइंट, रेघा, क्लिप. सांगताना तिने आप्पांचं नाव घेतलं नाही. गरजही पडली नाही.

बाळने भिंग खाली ठेवलं. बराच वेळ गाडीच्या मागच्या दाराकडे बघत राहिला.

"तू आधीपासूनच त्यांच्या बाजूची," तो म्हणाला.

"कोणाच्या?"

"काकांच्या. त्यांचाच धंदा धरलास. आप्पा वर्षभर बोलत नव्हते तुझ्याशी, आठवतंय ना? तुला कधीपासून हेच शोधायचं होतं."

"मी काही शोधायला बसले नव्हते. आप्पांनीच सांगितलं गाडी उघड म्हणून."

"आप्पा खोटं बोलणार नाहीत."

"मग विचार त्यांना."

"तू विचार. तुला सगळं कळतं ना!" दाराला हात लावून तो क्षणभर थांबला. "सव्वीस वर्षांनी एका पत्र्याच्या क्लिपवरून माणसाला पकडणार तुम्ही?"

तो गेला. ताईला त्याचा राग आला नाही. काकांमुळे आई गेली हे बाळला बोलायला लागल्यापासून पाठ होतं, आणि ते पाठ असल्यामुळे त्याचं एक भलं झालं होतं. आपल्यामुळे गेली, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. आता ते काकांकडे रोखलेलं बोट काढून घेतलं तर ते कोणाकडे वळेल, हे तिला दिसत होतं. त्यालाही दिसलं असणार.

*

रविवारी चारला काका येणार होते. पुढे गाव सोडून लांब राहायला गेलेल्या काकांना आत्याने हा रविवार धरून आधीच पत्र लिहिलं होतं, उत्तर एका ओळीचं आलं होतं.

दुपारी ताई हात धुवायला स्वयंपाकघरात गेली तेव्हा आत्या कपबशा पुसत होती. स्वतःच्या लग्नाची बोलणी चालू असताना ही बाई दोन पोरांसाठी भावाच्या घरी आली आणि परत गेली नाही. कपबशा स्वच्छच होत्या, तरी ती पुसत होती.

"बाळने सांगितलं मला," मागे न वळता ती म्हणाली. "आज नको."

"काय नको?"

"दादा येईल, बसेल, चहा घेईल, गाडीचा आवाज ऐकेल, जाईल. दोघांनी एकमेकांची तोंडं पाहिली एवढं पुष्कळ झालं. आप्पाचे किती दिवस राहिलेत?"

"आणि काकांचे किती राहिलेत आत्या? अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत ते."

आत्याने पुढची बशी उचलली. ताईने नळ बंद केला. मग अचानक तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं.

"तुला नवल नाही वाटलं," ती म्हणाली. "बाळने सांगितलं तेव्हा. तुला माहीत होतं?"

"माहीत होतं की नव्हतं, ते मला विचारू नकोस."

"आत्या."

आत्याने बशी खाली ठेवली. खुर्ची ओढून बसली. "त्या दिवशीचे त्याचे कपडे मीच धुतले," ती म्हणाली. "खिशात रुमाल होता. सगळा काळा, ग्रीसने माखलेला. नुसता गाडीत बसून राहिलेल्या माणसाचा रुमाल असा होत नाही. इंजिनात हात घातल्याशिवाय नाही होत. तीन वेळा साबण लावला मी त्याला. डाग गेला नाही, म्हणून बंबात टाकला."

"आणि दोन दिवसांनी दारात आप्पा काकांना तसं बोलले तेव्हा तू तिथेच होतीस."

"होते. बाळ मांडीवर होता."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाच्या घरात राहायचं होतं मला?" आत्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "एक नऊ वर्षांचं, एक तीन दिवसांचं. आप्पा रात्र-रात्र भिंतीशी तोंड करून बसायचा. त्यातच मी त्याला म्हणायचं होतं का, की रुमाल कशाने काळा झाला? मला दोनच भाऊ. त्यातल्या एकाला आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं, दुसऱ्याला येत होतं. जो उभा राहू शकत होता त्याला मी सोडलं. एवढाच हिशेब." तिने पदराने तोंड पुसलं. "थोरली वहिनी आजारी पडली तेव्हा मी गेले होते दादाकडे. तुम्हाला सांगितलं होतं मैत्रिणीकडे जाते म्हणून. वहिनी मला म्हणाली, एकदा आप्पाला येऊन खरं बोलायला सांग. मी हो म्हणाले. येऊन काही बोलले नाही. पंधरा दिवसांत ती गेली."

ताई तिच्याजवळ उभी राहिली, पण हात लावावासा तिला वाटला नाही.

*

काका चारला पाच मिनिटं कमी असताना आले. हाताने धुतलेला, इस्त्रीच्या घड्या दिसणारा शर्ट, काखेत कापडी पिशवी. ताईच्या आठवणीतला माणूस रुंद खांद्यांचा होता. हा उन्हात वाळायला टाकलेल्या दोरीसारखा दिसत होता. आत्याने दारात त्यांचा हात धरला आणि सोडला.

"घरात बसा ना काका."

"नको. गाडीपाशीच जाऊ."

बाळने आप्पांना चाकाच्या खुर्चीतून शेडमध्ये आणून ठेवलं होतं. गुडघ्यांवर ब्लँकेट, ओठ निळसर. दोघा भावांची नजरानजर झाली. काकांनी मान हलवली, आप्पांनीही. बाळ खुर्चीमागे पहाऱ्यावर असल्यासारखा उभा होता.

काका बॉनेटकडे गेले. वाकले. कॉइलवर बोट फिरवलं, वायर कुठून नेली आहे ते डोळ्यांनी शोधलं.

"तू केलंस हे?"

"हो."

"वायरी छान बांधल्यास." बऱ्याच वर्षांनी कोणी तिला तिच्या कामाबद्दल असं बोललं होतं. 

"पॉइंट तेच आहेत," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "तुम्ही घातलेले. फक्त दगडावर घासून घेतले. गॅप लावला. दुसरं काही करावं लागलं नाही त्यांना."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. 

ताई गाडीत बसली. चोक ओढला, किल्ली फिरवली. सेल्फने दोनदा कण्हल्यासारखा आवाज केला. तिने थोडं थांबून पुन्हा फिरवली. इंजिन खोकलं, बंद झालं. तिसऱ्या वेळी एक सिलिंडर पेटला, मग दुसरा, आणि मग अख्खी गाडी थरथरून चालू झाली. मागून निळा धूर आला. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज भरून राहिला. आत्याने तोंडावर हात धरला.

एकही ठोका चुकत नव्हता. चारी सिलिंडर सरळ चालले होते.

"ऐकलंस दादा?" आप्पा म्हणाले. "चालू झाली."

"हो. ऐकतोय."

"पोरीने सगळं उघडून पाहिलंय. तिला कळलंय सगळं."

"मला त्याच वेळी कळलं होतं," काका म्हणाले.

बाळचे हात खुर्चीच्या मुठींवर आवळले. ताई इंजिन चालू ठेवून गाडीतून उतरली.

"कारखान्याच्या ट्रकने गाडी ओढून आणली ना दुसऱ्या दिवशी," काका शांतपणे सांगत होते, जणू दुसऱ्याच कोणाच्या गाडीबद्दल. "तू आत होतास, तिच्यापाशी. मी इकडे आलो. बॉनेट उघडून टॉर्च मारला. रेघ तुटलेली, क्लिप सुटलेली. कशाला हात लावला नाही. बॉनेट बंद केलं आणि घरी गेलो."

"मग बोलला का नाहीत?" बाळने विचारलं.  "दारात. सगळ्यांसमोर. तेव्हाच बोलायचं होतं ना!"

"अरे, तिला जाऊन दोन दिवस झाले होते. हा वेडा व्हायच्या बेतात होता. म्हटलं, आत्ता माझ्यावर टाकू दे. उतरेल चार दिवसांत, मग स्वतःच येईल. मग म्हटलं, महिन्याने येईल. लोक दुकानात येईनासे झाले. बरोबरच आहे, ज्याच्या हातून सख्खी भावजय गेली त्याच्या हाती गाडी कोण देणार? तुझी काकू म्हणायची, जा, सांग त्याला तुम्ही पाहिलंय म्हणून. मी म्हणायचो, मी नाही जाणार. तोच येईल." काका थांबले. "हट्ट होता माझा. तोही काही शहाणपणाचा नव्हता."

"म्हणून तर गाडी उघडायला लावली पोरीला," आप्पा म्हणाले. "आणि तुला बोलावलं. मला तोंडाने... म्हटलं, गाडीच सांगेल."

ताईला आत्ता कुठे उमगलं. म्हणजे एवढे दिवस ती जे शोधतेय असं तिला वाटत होतं, ते तिच्याकडून वाचून घेतलं जात होतं. आप्पांनी तिचे हात वापरले होते, कारण त्यांची जीभ उचलत नव्हती.

"नाही," काका म्हणाले. "लोखंडाकडून नको बोलून घेऊस. मी एवढ्या लांब आवाज ऐकायला आलेलो नाही. तू बोल."

आप्पांनी ताईकडे पाहिलं. ती हलली नाही. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या जमिनीकडे बघत होती.

"खाणीच्या चढावर गाडी मिसिंग मारायला लागली, ठोके चुकवायला लागली," शेवटी आप्पा म्हणाले. एकेका वाक्यानंतर थांबत होते. "ओल शिरली असणार. मी उतरलो. टोपी काढली. रुमालाने आतून पुसली. पॉइंट पाहिले. नवे होते. दिसले मला, दादा. ती मागे ओरडत होती. एक क्लिप लागली, दुसरी लागेना. बोटं सुन्न झाली होती. म्हटलं, एकीवर जाईल. इस्पितळ काही लांब नाही. गेली दोन किलोमीटर. मग पुलाखाली..."

त्यांना खोकला आला. बाळ नेहमी पाठीवरून हात फिरवायचा. आता फिरवला नाही. आत्या पुढे झाली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"तू दारात आलास," पेला बाजूला सारून आप्पा म्हणाले, "आणि मला वाटलं, हा आता विचारणार. क्लिप कशी सुटली, विचारणार. म्हणून त्याच्या आधी मी बोललो. जे तोंडात आलं ते बोललो. नंतर मागे घेता येईना. पोराला तेच सांगितलं. मग ते खरंच वाटायला लागलं. दिवसा तरी."

इंजिन चालूच होतं. काकांनी बॉनेटखाली एकवार पाहिलं.

"क्लिप लागली असती ना," ते म्हणाले, "तरी त्या पाण्यात बंद पडली असती बहुतेक. एवढ्या पाण्यात कुठलीच गाडी जात नाही. त्याबद्दल मी तुला कधी दोष दिला नाही. त्या घाईत माझ्या हातूनही क्लिप तशीच राहिली असती. पण पॉइंट नवे आहेत हे पाहून आलास आणि दारात तसं बोललास. तेवढंच." त्यांनी पिशवी काखेत नीट धरली. "हे तुझ्या वहिनीला ऐकायचं होतं. चार वर्षं झाली तिला जाऊन."

"दादा, मला माफ—"

"ते मला जमेल की नाही, ठाऊक नाही. ते ठरवून आलो नाही मी." ते आत्याकडे वळले. "चहा नको गं. साडेपाचची गाडी आहे."

ते दारापर्यंत पोचले होते. इतक्यात बाळ खुर्चीमागून पुढे आला, गाडीच्या खिडकीतून हात घालून त्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. तो आप्पांसमोर येऊन उभा राहिला.

"मी आठ वर्षांचा असताना, ते गावातच राहायचे तेव्हा, शाळेतून येताना त्यांच्या खिडकीवर दगड मारला होता," तो म्हणाला. "काच फुटली. काकू बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता काचा गोळा करायला लागली. मी धावत घरी येऊन तुम्हाला सांगितलं. फुशारकीने सांगितलं. आठवतंय?"

आप्पांनी डोळे मिटले.

"तुम्ही काही बोलला नाहीत. माझ्या डोक्यावरून हात फिरवलात."

"बाळ," आत्या म्हणाली, "त्याला बरं नाहीये."

"माहीत आहे मला. डॉक्टरांनी मलाच सांगितलंय." तो मागच्या दाराजवळ गेला, काचेतून सीटकडे पाहिलं, पण दार उघडलं नाही. मग बाहेर गेला. अंगणातून त्याचा आवाज आला, "काका, थांबा. पिशवी द्या इकडे." काकांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. दोघांची पावलं फाटकापर्यंत ऐकू आली आणि मग रस्त्यावर मिसळून गेली.

आत्या घरात निघून गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघराचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

ताईने बॅटरीची वायर काढली, बॉनेट खाली केलं. हात पुसले. तिलाही जावंसं वाटत होतं, स्टेशनापर्यंत, दुकानात, कुठेही. पण खुर्चीला लावलेला ब्रेक काढायला कोणीतरी लागणार होतं. तिने तो काढला आणि खुर्ची ढकलत आप्पांना त्यांच्या खोलीत नेलं. काखेत हात घालून खाटेवर बसवलं. ते किती हलके झाले होते, हे तिला पहिल्यांदाच कळलं. पाय उचलून वर ठेवले, ब्लँकेट ओढलं.

"बाळ येईल ना परत?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"तू बोलणार नाहीस का माझ्याशी?"

"बोलतेच आहे की."

आप्पा छताकडे बघत राहिले. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता. "वाटलं होतं, बोलून टाकलं की छाती जरा मोकळी होईल," ते म्हणाले.

ताईने वाट पाहिली. 

"झाली?" तिने विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली, अगदी थोडी. मग ब्लँकेटखालून हात बाहेर काढून तिच्या बाजूला ठेवला, तळवा वर करून. ताईने त्या हाताकडे पाहिलं. तिने तो हातात घेतला नाही. पण खुर्ची खाटेला टेकवून ती बसली, आणि खिडकीतला उजेड कमी होत गेला तरी उठली नाही.